सिंहगड कमी वेळात चढायचा तर: हौशी सायकलवाल्यासाठी घाटाचं गणित

रविवारी पहाटे सिंहगड रस्त्याने निघालेला सायकलवाल्यांचा घोळका खडकवासल्यापर्यंत एकत्र असतो. गप्पा चालू असतात, कुणाची तरी खेचणं चालू असतं, पहिल्यांदाच आलेला भिडूही आरामात सोबत टिकून असतो. दोणजे मागे पडतं, गोळेवाडीपासून चढ लागतो आणि दहा मिनिटांत घोळका पांगतो. पहिल्याचा वर वाहनतळावर चहा पिऊन होतो तेव्हा शेवटचा अजून अर्ध्या घाटात असतो. धरणापर्यंत ज्यांच्यात काडीचा फरक दिसत नव्हता, त्यांच्यात शेवटच्या नऊ-एक किलोमीटरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर पडतं.

सपाटीवर आपण वाऱ्याशी झगडत असतो. ताशी ३० किलोमीटरने जाताना पायांची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते, आणि ही मागणी वेगाच्या घनाने वाढते. ताशी २५ वरून ३० वर गेलात तर वेग फक्त एक पंचमांशाने वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. म्हणूनच सपाटीवर पुढच्याच्या चाकामागे राहिलं की पाव हिश्श्याहून जास्त श्रम वाचतात. नवखा भिडू खडकवासल्यापर्यंत टिकतो तो या आडोशाच्या जिवावर.

घाटात वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. तिथे हवा जवळपास हिशेबातच राहत नाही. उरतं ते वजन उचलणं, आणि तुमचं वजन तुमच्याऐवजी दुसरं कुणी उचलू शकत नाही. कुणाच्या मागे लपायची सोय नाही, त्यामुळे ज्याची जेवढी ताकद तेवढीच घड्याळात दिसते.

आकड्यांत सांगायचं तर

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. पुणं स्वतःच साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे गडाच्या उंचीतला बराच भाग आपल्याला घरबसल्या मिळालेला असतो. गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत ढोबळमानाने ६०० मीटर उंची कमवायची राहते. समजा तुमचं वजन ७० किलो आहे. सायकल, पाण्याच्या बाटल्या, बूट, हेल्मेट, पंक्चरचं सामान मिळून आणखी १४ किलो. म्हणजे ८४ किलो वजन ६०० मीटर वर न्यायचं. ८४ गुणिले ९.८ गुणिले ६००, झाले ४ लाख ९४ हजार ज्यूल. हे काम एका तासात केलं तर दर सेकंदाला १३७ ज्यूल, म्हणजे १३७ वॉट. टायरचं घर्षण, साखळीत वाया जाणारी थोडी ताकद आणि उरलासुरला वारा धरला की आकडा १५५ ते १६० वॉटपर्यंत जातो.

हे वॉट किती कमी आहेत बघा. स्वयंपाकघरातला मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा असतो. तासाभरात सिंहगड चढणारा धडधाकट माणूस आपल्या पायांवर घरची चटणीसुद्धा वाटू शकणार नाही.

आता तोच घाट ४५ मिनिटांत चढायचा म्हटलं तर साधारण २१० ते २१५ वॉट लागतात. पंधरा मिनिटं वाचवायला ताकद एक तृतीयांशाहून जास्त वाढवावी लागते. हे एका हंगामात सहसा होत नाही. तासावरून ५५ मिनिटांवर येणं मात्र नेटाने सराव करणाऱ्या बहुतेक हौशी माणसांच्या आवाक्यात असतं.

याच हिशेबातून वजनाचाही निकाल लागतो. ८४ किलोतला एक किलो कमी झाला तर वेळ सव्वा टक्क्याच्या आसपास कमी होतो, म्हणजे तासाच्या चढाईत ४० सेकंद. दोन किलोने हलकी सायकल घ्यायला भरपूर पैसे मोजून दीड मिनिट मिळतं. पोटावरचे दोन किलो उतरवले तरी तेवढंच मिळतं. पुणेकराला यातला कुठला पर्याय पटेल हे मी सांगायला नको, पण दुकानात कार्बनच्या फ्रेमसमोर उभं राहिल्यावर हा हिशेब भल्याभल्यांना आठवत नाही. उलट बाजूही आहे. वजन कमी करायच्या नादात उपाशीपोटी सराव केला तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि वॉट घसरतात. महिन्याला एखाद-दुसरा किलो, तोही कडक सरावाचे दिवस सोडून जेवण थोडं आवरून, एवढंच पुरे.

ताकद भागिले वजन हा आकडा घाटासाठी सगळ्यात कामाचा. वरच्या उदाहरणात १५७ वॉट भागिले ७० किलो, म्हणजे किलोमागे सव्वादोन वॉट. नियमित सराव करणारा हौशी माणूस तीनच्या आसपास पोचतो, स्थानिक शर्यतींत पुढे राहणाऱ्यांचा आकडा चारच्या पुढे असतो, आणि टूर द फ्रान्सच्या डोंगरांत आघाडीवर असणारे अर्धा-अर्धा तास सहाच्या आसपास टिकवतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब देतात, तो उगाच नाही. शर्यत जिंकणं आणि घाट जिंकणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

वॉट मोजणारं यंत्र महाग असतं. ते नसेल तर मनगटावरचं घड्याळही चालतं. तासाला किती मीटर उंची कमावली एवढं काढा. ६०० मीटर ५० मिनिटांत चढलात तर तासाला ७२० मीटर. जगातले अव्वल चढाईपटू तासाला १६०० च्या पुढे जातात. या मापाचा फायदा असा की बोपदेव, दिवे आणि सिंहगड हे तीन वेगवेगळे घाट एकाच पट्टीवर मोजता येतात. मात्र तुलना करताना चढाची तीव्रता साधारण सारखी हवी, कारण सौम्य चढावर थोडी ताकद वाऱ्यात जाते आणि आकडा कमी दिसतो.

दम नावाची गोष्ट

ही ताकद शरीरात कुठे तयार होते? मांडीच्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. एक संथ तंतू. ते चरबी आणि साखर ऑक्सिजनच्या मदतीने जाळतात, तासन्‌तास थकत नाहीत, पण जोर कमी देतात. दुसरे जलद तंतू. जोर भरपूर, पण लवकर दमतात आणि साखर भराभर संपवतात. आरामात चालवताना संथ तंतू काम बघतात. चढ अंगावर आला की जलद तंतूंना बोलावणं जातं. त्यांच्या कामातून लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. हा विषारी कचरा आहे आणि त्यानेच दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, असा समज जिममध्ये अजून पक्का आहे. प्रत्यक्षात लॅक्टेट हे इंधन आहे. हृदय आणि संथ तंतू ते पुन्हा जाळून वापरतात. पाय दोन दिवस दुखतात ते तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

लॅक्टेट तयार व्हायचा वेग आणि ते वापरलं जायचा वेग जोवर सारखे, तोवर तुम्ही तग धरता. तयार व्हायचा वेग पुढे गेला की श्वास तुटायला लागतो, पाय जड होतात आणि काही मिनिटांत वेग सोडावा लागतो. या सीमेला उंबरठा म्हणू. तासाभराच्या घाटात तुमचा वेग जवळपास पूर्णपणे या उंबरठ्यावर ठरतो. सायकलवाले 'माझा एफटीपी किती' म्हणून बोलतात तो याच सीमेचा वॉटमधला आकडा. वीस मिनिटं जिवाच्या आकांताने पण सारख्या जोरात चालवून जी सरासरी येते, तिचे ९५ टक्के, असा तो मोजायची रूढ रीत आहे.

उंबरठा वर सरकवायचा तर संथ तंतूंची लॅक्टेट वापरायची कुवत वाढली पाहिजे. त्यासाठी त्यांच्यात ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढावी लागते, त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट व्हावं लागतं आणि हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त ढकलावं लागतं. यातलं पुष्कळसं काम सावकाश पण भरपूर चालवण्याने होतं. इथेच बहुतेक मंडळींची गाडी अडते.

आपल्याकडच्या हौशी माणसाचा आठवडा कसा असतो? रविवारी सिंहगड, तोही मित्रांशी चुरस करत. मधल्या एखाद्या दिवशी कामाआधी तास-दीड तास, वेळ थोडा म्हणून जोरात. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर सरासरी वेग चांगला दिसला पाहिजे, म्हणून परतताना सिग्नल सुटल्यावरही जोरातच. सगळंच मध्यम-कडक. पाय हलके होतील इतकं सोपं काहीच नाही, आणि थकलेले असल्याने खरोखर कडक म्हणावं असंही काही होत नाही. पहिल्या वर्षी यानेही प्रगती होते, कारण काहीच न करण्यापेक्षा काहीही बरं. मग वेळ एका आकड्याला चिकटून बसतो आणि माणूस नव्या चाकांच्या किमती बघू लागतो.

नॉर्वेत काम करणारे अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी स्कीइंग, रोइंग, धावणं, सायकलिंग अशा दमाच्या खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते तपासलं. ढोबळ चित्र असं निघालं की त्यांच्या सरावाची साधारण ८० टक्के सत्रं सोपी असतात आणि उरलेली २० टक्के चांगलीच कडक. मधल्या पट्ट्यात ते फार कमी वेळ घालवतात. आठवड्याला सहा-सात तास काढणाऱ्या नोकरदार माणसाने हे प्रमाण जसंच्या तसं पाळायची गरज नाही, पण दिशा तीच. आठवड्यात दोन दिवस कडक, बाकीचे मनापासून सोपे.

सोपं म्हणजे किती सोपं? शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. मधे धाप टाकायला थांबावं लागलं तर तुम्ही सोप्याच्या बाहेर गेलात. हृदयाचे ठोके मोजत असाल तर २२० वजा वय या सूत्रावर विसंबू नका. माणसामाणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. बोलण्याची कसोटी फुकट आहे आणि जास्त प्रामाणिक आहे.

पुण्यात अडचण एवढीच की शहराच्या पश्चिमेला सपाट रस्ता मिळणं कठीण. पानशेतचा रस्ता वरखाली, मुळशीचा त्याहून वरखाली. पूर्वेला सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला सपाटी आहे, पण तिथे ट्रकांची संगत सोसावी लागते. मग पश्चिमेकडेच जायचं आणि प्रत्येक चढावर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, लाज वाटेल इतकं हळू चढायचं. मागून येणारा पुढे जातो, जाऊ द्या. हे ऐकायला सोपं आहे, करायला दोन कडक सत्रांपेक्षा अवघड, कारण इथे पाय शाबूत असतात आणि अहंकार दुखतो.

कडक दिवस

कडक सत्रं दोन प्रकारची ठेवावीत. पहिली उंबरठ्यावरची. चढावर दहा मिनिटं अशा जोराने की एक-दोन शब्दांपलीकडे बोलता येणार नाही, पण शेवटच्या मिनिटालाही तोच जोर टिकेल. मग पाच मिनिटं आराम. असं तीनदा. जमायला लागलं की दहाची बारा, पंधरा आणि दोन-तीन महिन्यांनी वीस मिनिटं दोनदा. बोपदेव घाट याच्यासाठी बेतून केल्यासारखा आहे. येवलेवाडीच्या बाजूने चढायचं, माथ्यावरून वळायचं, उतरताना विश्रांती, पुन्हा वर. मात्र अंधारात तिथे एकट्याने जाऊ नका. जुना कात्रज घाट जरा मवाळ आहे, सुरुवात करणाऱ्याला तो बरा. दिवे घाटातून ज्ञानोबांची पालखी चढते तो दिवस सोडला तर तो रस्ता वाहनांचा आहे, आणि सकाळी फार लवकर गेलात तरच तिथे मन लावून सराव होतो.

दुसरी सत्रं छोटी आणि जास्त जोराची. चार मिनिटं जवळपास पूर्ण दमाने, तीन-चार मिनिटं हळू, असं चार ते पाच वेळा. यात हृदय आणि फुप्फुसं त्यांच्या कमाल मर्यादेजवळ काम करतात, आणि ती मर्यादा वर गेली की उंबरठ्यालाही वर सरकायला जागा मिळते. पहिला चार मिनिटांचा तुकडा सोपा वाटला पाहिजे आणि शेवटचा नकोसा. पहिल्यातच जीव गेला तर जोर चुकला. चाळिशी ओलांडलेल्यांनी किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी हा प्रकार सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्यावं.

दोन कडक सत्रांमध्ये निदान एक दिवस सोपा किंवा सुट्टीचा हवा. मंगळवार आणि गुरुवार धरले तर शनिवारी सोपं आणि रविवारी लांब, असा आठवडा नोकरीत बसतो. रविवारी घाट असेल आणि तो जोरात चढणार असाल तर तेच दुसरं कडक सत्र समजा आणि गुरुवार सोपा करा. तीन आठवडे भार थोडा-थोडा वाढवायचा आणि चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचा. ताकद वाढते ती सराव चालू असताना नव्हे, तर त्यानंतरच्या झोपेत आणि विश्रांतीत. चौथ्या आठवड्यात अंग फुलून आल्यासारखं वाटतं आणि लोक नेमके तेव्हाच जोर काढायला जातात.

महिनोन्‌महिने सराव करूनही दम वाढत नसेल तर सरावाचा आराखडा बदलण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंपर्यंत ऑक्सिजनच कमी पोचतो, आणि लोहाची कमतरता आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, सर्रास आढळते. शाकाहारी मंडळींनी बी-१२ ही बघून घ्यावं.

गिअर, गुडघे आणि बैठका

ताकद म्हणजे पेडलवरचा जोर गुणिले पेडल फिरायचा वेग. तेच १६० वॉट तुम्ही मिनिटाला ४५ फेऱ्यांनी काढू शकता किंवा ७५ ने. ४५ ने काढले तर प्रत्येक फेरीत स्नायूंवर आणि गुडघ्यांवर जास्त ताण येतो, जलद तंतू लवकर कामाला लागतात आणि लवकर संपतात. चढावर ७० ते ८५ फेऱ्या बहुतेकांना मानवतात.

अडचण अशी की हलका गिअर नसेल तर मनात असूनही हे जमत नाही. रोड सायकलवर पुढचं दातेरी चक्र ३४ दातांचं आणि मागे सगळ्यात मोठं चक्र २८ चं असेल, तर ७० फेऱ्यांना वेग ताशी पावणेअकरा किलोमीटर पडतो. १० टक्के चढावर ८४ किलो वजन त्या वेगाने न्यायला निव्वळ चढाईसाठीच सुमारे २४५ वॉट लागतात. १६० वॉटचा माणूस तिथे ४५ फेऱ्यांच्या खाली जाणारच. सिंहगडाचे मधले काही तुकडे असेच आहेत. मागे ३४ दातांचं चक्र असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्रांचा संच, बसवली तर तोच माणूस पन्नाशीच्या वर राहतो आणि गुडघे वाचतात. यासाठी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढं मोठं चक्र पेलणारा आहे का हे मेकॅनिकला विचारावं लागतं, बस. पैसे खर्च करायचेच असतील तर माझ्या मते पहिले इथे करावेत. पुढे तीन दातेरी चक्रं असलेली हायब्रिड सायकल असणाऱ्यांकडे हा हलका गिअर आधीपासूनच असतो, ते उगाच रोड सायकलवाल्यांकडे बघून हळहळतात.

जड गिअर मुद्दाम लावून पन्नास-साठ फेऱ्यांनी चढायचा सराव काही जण 'ताकदीसाठी' करतात. थोडा केला तर बिघडत नाही, पण खरी ताकद वजनं उचलून जास्त लवकर येते. आठवड्यातून दोनदा, खांद्यावर किंवा हातात वजन घेऊन बैठका, डेडलिफ्ट, एका पायाने उंच पायरीवर चढणं. वजन असं की सहा-आठ वेळा उचलल्यावर पुढचं जड जावं. तालमीतल्या शंभर बैठका सुरुवातीला उत्तम, पण काही आठवड्यांनी त्या ताकदीपेक्षा दमाचा व्यायाम होऊन बसतात. सोबत पोट-पाठीसाठी प्लँक. चढावर कंबर दुखते ती बहुतेकदा इथे कच्चं असल्यामुळे किंवा सीटची उंची चुकल्यामुळे.

प्रत्यक्ष घाटात

गोळेवाडीचा पहिला किलोमीटर सगळ्यांना फसवतो. पाय ताजे असतात, बाकीचे पुढे निघालेले असतात, आणि पाच मिनिटांत आपण उंबरठ्याच्या पलीकडे गेलेलो असतो. तिथे गेल्याची किंमत पुढची वीस मिनिटं मोजावी लागते. पहिली दहा मिनिटं हातचं राखून चढा. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये जी माणसं गाठाल ती सगळी याच चुकीची असतील.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे डावीकडच्या तीव्र वळणात आपण आतल्या कडेला येतो आणि तिथे चढ एकदम अंगावर येतो. वळणाच्या आधीच गिअर हलका करून घ्या, साखळीवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर ती करकरते, कधी निसटतेही. उजवीकडच्या वळणात आपण बाहेरून जातो, चढ सौम्य होतो, तिथे श्वास सावरता येतो. उभं राहून चालवायचं असेल तर आधी गिअर एकाने जड करा. उभं राहिल्यावर फेऱ्या आपोआप कमी होतात आणि हलक्या गिअरमध्ये पाय रिकामे पडतात. उभं राहण्यात ऊर्जा थोडी जास्त जाते, पण पाठीला आणि बसण्याच्या जागेला आराम मिळतो. अधूनमधून अर्धा मिनिट पुरे.

खाण्याचं गणित सोपं आहे. तासाभरात गड चढताना शरीर साधारण ५५० ते ६०० कॅलरी जाळतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जोरदार सरावाला दीड-दोन तास पुरते. पुण्यातून निघून गड करून परत यायला तीन-चार तास लागत असतील तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. दोन केळी, खजूर, गुळाची चिक्की, बाटलीत साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी, एवढ्यावर काम भागतं. भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस रस्त्याकडेला बसतो. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. मी खातो. फक्त भज्यांची दुसरी प्लेट आली की जाळलेल्या कॅलऱ्यांचा हिशेब तिथल्या तिथे मिटतो.

हंगामाचं बोलायचं तर पायाभरणीला पावसाळ्याचा शेवट आणि ऑक्टोबर, कडक सत्रांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर उजाडायच्या आत घाटाच्या पायथ्याशी असाल तरच अर्थ आहे, कारण उन्हात शरीर बरंचसं रक्त अंग थंड ठेवायला कातडीकडे वळवतं आणि पायांना कमी मिळतं. मे महिन्यातला वेळ जानेवारीपेक्षा दोन-तीन मिनिटांनी जास्त आला तर घाबरू नका. भर पावसात सिंहगडावर दरडी येतात, रस्ता बंद होतो, शेवाळ धरतं. त्या महिन्यांत घरात सायकल एका जागी बसवून चालवायचा ट्रेनर बरा.

उतरताना हात हँडलच्या खालच्या भागावर, वजन मागे, ब्रेक वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर दाबलेला ब्रेक चाक घसरवतो, आणि सिंहगडाच्या वळणांवर कडेला बारीक खडी पसरलेली असतेच. नजर खड्ड्यावर ठेवू नका, जिथून बाहेर पडायचंय तिथे ठेवा. सायकल नजरेमागे जाते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर दाबणारे ब्रेक, असतील तर सतत दाबून धरू नका, थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा. लांब उतारावर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. रविवारी नऊनंतर खालून चारचाकींची रांग सुरू होते आणि वळणावर आपली बाजू सोडून येणारा एखादा हमखास भेटतो. त्याच्या आधी खाली उतरलेलं बरं.